निळ्या जोडीवरचा फोन

सेकंदाला ११.२ एमबी. मोठी फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना पडद्यावर हा आकडा आला आणि तिथेच चिकटून बसला, ना वर ना खाली, तर सर्व्हर कुठला आणि डिस्क किती जुनी हे विचारत बसायची गरज नसते. वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटची लिंक आहे, म्हणजे सेकंदाला तेवढाच माल नेणारी जोडणी. आकडाच ते सांगतो.

तो येतो कसा, ते बघा. १०० मेगाबिटला आठाने भागलं की साडेबारा मेगाबाइट. (इथेच निम्मे लोक फसतात. इंटरनेटवाले भाव सांगतात बिटमध्ये आणि माल आपण मोजतो बाइटमध्ये.) मग साडेबाराचे सव्वाअकरा कसे होतात? तर तारेवरून आपली फाइल एकटी जात नाही. ती लहान लहान पाकिटांतून जाते. प्रत्येक पाकिटावर जायचा पत्ता, परतीचा पत्ता, तपासणीचा आकडा असं बरंच काही असतं, शिवाय दोन पाकिटांमध्ये थोडी मोकळी जागा सोडावी लागते. तारेवर १५३८ बाइटची जागा अडते, तेव्हा त्यातले आपल्या कामाचे साधारण १४४८. शंभरातले चौऱ्याण्णव. म्हणजे साडेबाराचे झाले पावणेबारा. राहिलेला फरक मोजमापाचा आहे. विंडोज एक एमबी म्हणते तेव्हा दहा लाख बाइट धरत नाही, १०,४८,५७६ धरते. करा भागाकार. ११.२ येतात.

हे गणित मी पाटी-पेन्सिल घेऊन केलं ते आमच्या इंदिरानगरच्या घरी, वरच्या खोलीत, कॉपीची हिरवी पट्टी सरकायची वाट बघत. वाट बघणाऱ्या माणसाला गणितं सुचतात. या वेगाने एक टेराबाइट हलवायचं तर जवळजवळ चोवीस तास. शंभरच्या जागी हजारची लिंक असती तर अडीच तासांच्या आत काम उरकलं असतं.

आणि हलवायचं बरंच होतं. बाबांना रिटायर झाल्यावर कॅमेऱ्याचा नाद लागला. आयुष्यभर प्रेसमध्ये नोकरी केली. नाशिकमध्ये नुसतं 'प्रेस' म्हटलं की नाशिकरोडचं नोटांचं प्रेस, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. तिथे खिशातली पेन्सिलसुद्धा तपासून आत-बाहेर करायची सवय लागलेला हा माणूस, बाहेर पडल्यावर मात्र दिसेल ते टिपत सुटला. २००३ च्या सिंहस्थातल्या साधूंपासून ते आमच्या गल्लीत चाललेल्या ड्रेनेजच्या खोदकामापर्यंत. सगळं मिनी डीव्ही टेपवर. टेपांवर त्यांच्या अक्षरात लेबलं आहेत, पण 'रंगपंचमी, तिवंधा' असं लिहिलेल्या टेपवर अर्धा तास कुणाच्या तरी बारशाचा निघतो.

मिनी डीव्ही टेपची एक गंमत आहे. तिच्यावर चित्र डिजिटलच असतं, पण ते संगणकात घ्यायचं तर टेप तिच्या चालीनेच चालवावी लागते. तासाभराच्या टेपला तास लागतो, त्यात पळवाट नाही. कॅमेरा फायरवायरच्या केबलने जुन्या डेस्कटॉपला जोडायचा, टेप सुरू करायची आणि बसायचं. तासाला साधारण तेरा जीबीची फाइल तयार होते. ती मग खाली, जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवलेल्या सर्व्हरवर पाठवायची. सर्व्हर म्हणजे तरी काय, ऑफिसमधून निकालात निघालेला एक संगणक, त्यात डिस्का घातलेल्या आणि वर विंडोजच्या जागी लिनक्स. घरातली मंडळी त्याला 'जिन्याखालचा' म्हणतात.

टेप उतरवायला लागणारा तास मला कधी खुपला नाही. बाबांचा आवाज येत असतो, मध्येच ते कुणाला तरी 'सरक रे जरा' म्हणतात, नारोशंकराच्या घंटेवर कॅमेरा बराच वेळ धरून ठेवतात. पुढची अठरा-एकोणीस मिनिटं मात्र, ती फाइल वरून खाली जाईपर्यंतची, जिवावर यायची. टेपला तास का लागतो हे मला ठाऊक होतं. या मिनिटांना कारण सापडत नव्हतं. संगणक हजारचा, स्विच (घरातल्या सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात ते खोकं) हजारचा, सर्व्हर हजारचा. खोक्यांवर तसं छापलेलं होतं. मग शंभर आले कुठून?

असा प्रश्न चारचौघांत काढला की प्रत्येकाकडे उत्तर असतं आणि बहुतेक उत्तरं विकत घ्यायची असतात. एमजी रोडवरच्या दुकानदाराने केस नीट ऐकायच्या आधीच राउटर काउंटरवर ठेवला. कंपनीतला एक मित्र म्हणाला, डिस्का काढ आणि एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्का) टाक, हा काय जमाना आहे. आणखी एकाने जम्बो फ्रेम चालू करायला सांगितलं. पाकीट १५०० बाइटचं असतं ते ९००० चं करायचं, म्हणजे पत्ते लिहिण्यात कमी जागा जाते. कल्पना बरोबर आहे, पण तिचा फायदा शंभरात पाच. आमची तूट दसपट होती. एवढं साधं प्रमाण लक्षात न घेता माणसं सल्ले देतात याचं मला नेहमी नवल वाटतं. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे. तिथेही मशीन बंद पडलं की आधी पार्ट बदलायची घाई आणि मग मोजायला मीटर शोधायचा, असंच चालतं.

तर मोजायचं. पण कुठे मोजायचं हा खरा प्रश्न.

नाशिककराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात गंगेला पूर आला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) की शहर एकाच आकड्यावर समाधान मानत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा एक आकडा. होळकर पुलाखालून किती वाहतंय हा दुसरा, आणि तो बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जास्त असतो, कारण मधले ओढे-नाले येऊन मिळालेले असतात. त्याच्या खाली नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला, हे विचारल्याशिवाय जुन्या नाशकातल्या माणसाला पुराची कल्पनाच येत नाही. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात तो पुरता बुडाला होता. आणखी पुढे सरकारवाड्याच्या पायऱ्या. एकाच पाण्याची ही चार ठिकाणची चार मापं, आणि दोन मापांमधला फरकच सांगतो की मधल्या टप्प्यात काय झालं.

फाइलीच्या वाटेवरही असे मारुती उभे करता येतात. पहिला डिस्कपाशी. सर्व्हरवरच बसून, नेटवर्कचा संबंध न येऊ देता, डिस्क किती वेगाने लिहिते ते बघायचं. एक खबरदारी लागते. लिनक्स आलेला माल आधी रॅममध्ये ठेवतो आणि 'झालं' म्हणून सांगतो, त्यामुळे रॅमपेक्षा मोठी फाइल घ्यायची नाहीतर डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबायला सांगायचं. तसं केल्यावर आमच्या डिस्का सेकंदाला १६० एमबीच्या आसपास लिहीत होत्या. म्हणजे एसएसडीचा सल्ला बाद.

दुसरा मारुती नुसत्या तारेवर. त्यासाठी आयपर्फ नावाचं छोटं साधन आहे. ते एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत अर्थहीन बाइट ओतत राहतं. डिस्क नाही, फाइल नाही, सांबा नाही. (सांबा म्हणजे लिनक्सच्या डिस्का विंडोजला दाखवणारा प्रोग्राम. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९१ च्या अखेरीस तो लिहायला घेतला. नॅस म्हणून, म्हणजे नेटवर्कवरची सामाईक डिस्क म्हणून, मिळणाऱ्या कितीतरी खोक्यांच्या पोटात हाच असतो.) आयपर्फने उत्तर दिलं ९४ मेगाबिट. वर हिशेब केला तोच, शंभरातले चौऱ्याण्णव. हजारची लिंक असती तर ९४१ दिसले असते.

आता सर्व्हर सुटला, डिस्क सुटली, सांबा सुटला. राहिली तार.

इथपर्यंत आलो तेव्हा भाचा येऊन बसला होता. ताईचा मुलगा, इंजिनीअरिंगला आहे, गंगापूर रोडला राहतो आणि रविवारी आजीच्या हातचं खायला इकडे येतो. त्याने मागून पडद्यावर डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मामा, एवढं कशाला? नेटवर्कच्या स्टेटसमध्ये बघ ना, लिहिलेलंच असतं." आणि होतंच लिहिलेलं. लिंक स्पीड, १०० एमबीपीएस. ती खिडकी प्रत्येक संगणकात असते आणि आम्ही कुणी ती उघडत नाही. पण ती फक्त 'किती' एवढं सांगते, 'का' ते सांगत नाही, म्हणून माझी मापं अगदीच वाया गेली नव्हती, असं मी त्याला म्हटलं. तो हसला.

पुढचं काम त्याला आवडलं, कारण त्यात उठबस होती. माझा लॅपटॉप खाली नेऊन हातभर केबलने सरळ स्विचला लावला. ९४१. तोच लॅपटॉप, तीच केबल, वरच्या खोलीतल्या सॉकेटला. ९४. लॅपटॉप निर्दोष, केबल निर्दोष. स्विचचं तोंड बदलून पाहिलं, फरक नाही. म्हणजे खालचा सॉकेट, वरचा सॉकेट आणि दोन्हींच्या मधली भिंत, एवढंच शिल्लक राहिलं. भाच्याने आणखी एक गोष्ट हेरली, जी माझ्या नजरेतून सुटली असती. वरच्या सॉकेटला केबल खुपसली की स्विचवरचा दिवा लगेच लागायचा नाही. काही सेकंद विझलेला राहायचा, मग नारिंगी व्हायचा. खाली मात्र घातल्याबरोबर हिरवा.

या उशिराचा अर्थ नंतर वाचून कळला, आणि तो मला फार आवडला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. दोन यंत्रं जोडली गेली की ती आधी आपसात ठरवतात, तुला किती झेपतं, मला किती झेपतं. ही बोलणी पहिल्या दोन जोड्यांवरून होतात. आमच्याकडे दोन्ही बाजू 'हजार' म्हणत होत्या आणि बोलणी यशस्वी होत होती. मग हजारने चालायचं म्हणून चारही जोड्यांवर साद घालायची, तर दोन जोड्यांवरून प्रतिसादच नाही. पुन्हा बोलणी, पुन्हा तेच. असं काही वेळा झालं की चांगल्या प्रतीची यंत्रं हट्ट सोडतात आणि शंभरवर उतरतात. शंभरला दोनच जोड्या पुरतात. काही यंत्रं हट्ट सोडत नाहीत आणि लिंक लागतच नाही. म्हणजे आमच्या घरी बिघाड दिसत नव्हता तो यंत्रांच्या समजूतदारपणामुळे. नेट चालत होतं, फोटो जात होते, सगळं 'चालतंय' या सदरात मोडत होतं. सरळ बंद पडलं असतं तर कितीतरी आधी सापडलं असतं.

खालच्या सॉकेटची प्लेट उघडली. वायरमन लोक याला आयओ म्हणतात. आत नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी व्यवस्थित आपापल्या खाचेत बसवलेली. तपकिरी जोडी न जोडता नीट गुंडाळी करून मागे सारलेली. आणि निळी? निळी आयओकडे आलेलीच नव्हती. ती बॉक्सच्या बाजूच्या भोकातून दुसऱ्याच पाइपात शिरली होती.

"हे काय आहे?" भाचा म्हणाला. "कुणी केलंय असलं काम?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. वायरिंगवाला हजर नसताना त्याला नावं ठेवणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे, आणि मी तोंड उघडणार एवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. तिने बॉक्सकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "अरे, ती निळी आपल्या फोनची. वरच्या फोनची."

घर बांधलं २००६ साली. भिंतींना प्लास्टर होऊन रंग चालू असताना बाबांच्या लक्षात आलं की वरच्या खोलीत फोन घ्यायचा राहिला. संगणकाची एक केबल तेवढी पाइपातून वर गेली होती. वायरमन म्हणाला, भिंत फोडावी लागेल. बाबा म्हणाले, रंग झालाय, भिंत फोडायची नाही. मग वायरमननेच सांगितलं, साहेब, या केबलमध्ये आठ तारा आहेत, नेटला चारच लागतात, एक जोडी फोनला देतो. आणि दिली. वरती निळी बाहेर काढून पलंगाच्या डोक्याशी फोनचा पॉइंट केला. आईला त्या वायरमनचं नाव आठवत नव्हतं, पण चहात साखर जास्त लागायची हे आठवत होतं.

यात चूक कुणाची काढणार? २००६ मध्ये आमच्याकडे लँडलाइनवरून येणारं इंटरनेट होतं, त्याचा वेग २५६ किलोबिट. शंभर मेगाबिटची तार त्याच्या जवळजवळ चारशे पट. बाबांनी भिंत वाचवली, आईला वर-खाली करायचं वाचलं, वायरमनने काम स्वच्छ केलं. तपकिरी जोडीसुद्धा कापून न टाकता पुढेमागे लागेल म्हणून गुंडाळून ठेवली, हे मला विशेष वाटतं. त्या दिवशीच्या हिशेबाने प्रत्येकाचं बरोबर होतं. माझ्या कारखान्यातही मी हे पाहतो. कुठेतरी एक पाइप विनाकारण वळसा घालून गेलेला असतो आणि नवीन मुलं हसतात. मग एखादा जुना फिटर सांगतो की इथे आधी बॉयलर होता. बॉयलर गेला, वळसा राहिला. संथपणाच्या मुळाशी हलगर्जीपणाच सापडेल असं मानून आपण शोधायला निघतो, आणि बऱ्याचदा हाती लागतो तो कुणाचा तरी काटकसरीचा, शहाणपणाचा निर्णय, ज्याचं कारण आता घरातून निघून गेलेलं आहे.

आणि वायरमनचं म्हणणं तरी मनचं नव्हतं. केबलच्या टोकाला जो आठ दातांचा कनेक्टर असतो, त्यात निळी जोडी बरोबर मधे, चौथ्या-पाचव्या जागी बसते. नारिंगी पहिल्या-दुसऱ्या. हिरवी मात्र फाटलेली, एक तार तिसऱ्या जागी आणि दुसरी सहाव्या, निळीला मधे घेऊन. पहिल्यांदा ही रचना बघणाऱ्याला ती वेडगळ वाटते. पण फोनच्या कनेक्टरमध्ये पहिली जोडी मधल्या जागी असते, आणि १९९० साली अशा तारांवरून इथरनेट, म्हणजे संगणक एकमेकांना जोडायची ही पद्धत, चालवायचं मानक ठरलं तेव्हा संगणकाला १, २, ३ आणि ६ या जागा दिल्या, मधल्या दोन तशाच सोडून. म्हणजे इंदिरानगरच्या वायरमनने जे केलं ते जगाच्या मानकातच बसत होतं. हजारच्या वेगाचं मानक १९९९ मध्ये आलं आणि त्याने चारही जोड्या मागितल्या, तेही प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी जा आणि ये दोन्ही. आपणच पाठवलेल्या संदेशाचा घुमारा वजा करून समोरच्याचं ऐकायचं, असा त्यातला प्रकार आहे. तिथे फोनला जागा उरली नाही.

"वरच्या फोनवरच तर तुझी बातमी आली," आई भाच्याला म्हणाली. "रात्रीचे दोन वाजले असतील. तुझ्या आजोबांनी घेतला. मुलगा झाला एवढंच ऐकलं आणि फोन तसाच पलंगावर ठेवून खाली मला सांगायला आले. तुझा बाबा तिकडे हॅलो हॅलो करतोय."

भाच्याने निळी जोडी दोन बोटांत धरली होती. "या वायरीतून?"

"मग कशातून? मोबाइल होते का आमच्याकडे तेव्हा."

(होता, एक, बाबांकडे. पण रात्री बंद करून ठेवायचे. आईला मी अडवलं नाही.)

लँडलाइन आम्ही केव्हाच परत केली होती. तरी मी आधी मीटर लावला. चालू लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतात, घंटी वाजताना त्याहून बरेच जास्त, आणि ते स्विचच्या पोटात घालायचे नसतात. मीटर शून्यावर. मग निळी पाइपातून ओढून परत बॉक्समध्ये आणली, आणि तिला व तपकिरीला पंचिंग टूलने त्यांच्या जागी बसवलं. वरच्या टोकाला पलंगामागचा फोनचा पॉइंट उघडून तेच. काम नाजूक आहे ते एवढ्याचसाठी की जोडीचा पीळ फार उलगडायचा नाही, अर्ध्या इंचाच्या आतच ठेवायचा. शेजारच्या जोडीतला गोंगाट आत येऊ नये याची सगळी व्यवस्था त्या पिळात असते. वरची निळी थोडी आखूड पडत होती, पण पोचली.

दिवा हिरवा झाला. कॉपी लावली तर ११२. मघाचेच आकडे, फक्त दशांशचिन्ह एक घर सरकलेलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण घरच्या सर्व्हरच्या गोष्टी अशा संपत नाहीत. टेपची तेरा जीबीची फाइल दोन मिनिटांच्या आत गेली. मग मी फोटोंचं फोल्डर लावलं आणि आकडा धाडकन दोनवर आला. ११२ वरून २. भाचा म्हणाला, निळी सुटली वाटतं. सुटली नव्हती. दिवा हिरवाच होता.

हा वेगळा आजार होता, आणि त्याची ओळख अशी की आकडा स्थिर राहत नाही. मधेच एखादा मोठा फोटो आला की उसळतो, पुन्हा बसतो. फोटो लावायच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फोटोमागे टिकलीएवढ्या प्रतिमा करून ठेवल्या होत्या, एकेक दहा-बारा केबीची. अशी प्रत्येक फाइल पाठवताना संगणक सर्व्हरला विचारतो, या नावाचं काही आहे का. नाही. मग उघड. उघडली. हे घे. घेतलं. तारीख-वेळ ही लिही. लिहिली. बंद कर. केली. प्रत्येक प्रश्नाला उत्तर येईपर्यंत थांबायचं. त्यात डिस्क फिरती. ५४०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा पुरा करायला अकरा मिलिसेकंद लागतात. फाइलीमागे सगळं मिळून पाच मिलिसेकंद धरले, तरी सेकंदाला दोनशे फाइली. दोनशे गुणिले दहा केबी. दोन एमबी. बसला हिशेब. या ठिकाणी तार हजारची असो की दहा हजारची, काही बदलत नाही. इथे वेळ जातो तो विचारपूस करण्यात.

उपाय दोन आहेत. एक, सगळ्या बारक्या फाइलींचं टार करून, म्हणजे एकत्र गाठोडं बांधून, एकच मोठी फाइल पाठवायची आणि तिकडे सोडायची. किंवा एका वेळी अनेक फाइली पाठवणारं साधन वापरायचं, म्हणजे एकीचं उत्तर येईपर्यंत दुसरीचा प्रश्न गेलेला असतो. मी तिसरंच केलं. त्या प्रतिमा पाठवल्याच नाहीत. सॉफ्टवेअर त्या पुन्हा बनवतं. जे हलवायलाच नको ते वेगाने कसं हलवावं, यावर माणसं किती डोकं लावतात.

वायफायबद्दल फार बोलत नाही. मधे स्लॅब आहे, शेजारीपाजारी प्रत्येकाचा राउटर आहे, आणि हवा सगळ्यांची सामाईक. एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचं असा तिचा नियम. खोक्यावरचा आकडा तिथे निम्मा मिळाला तरी नशीब समजावं.

बॅकअपच्या डिस्कचंही एक प्रकरण निघालं. ती सुरुवातीला छान लिहायची आणि मोठी कॉपी असली की मधेच गळपटायची. ती एसएमआर जातीची निघाली. जागा वाचवायला तिच्यात ट्रॅक थोडे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. आधी ती माल एका राखीव पट्ट्यात उतरवून घेते, तो भरला की मग खरं काम सुरू होतं. बॅकअपला चालेल. रात्री लावायची आणि झोपायचं. रोज लिहिण्या-खोडण्याच्या जागी, विशेषतः रेडमध्ये (अनेक डिस्का मिळून एक केलेल्या मांडणीत), ती घालू नये, एवढं मात्र डिस्क घेताना विचारून घ्यावं. दुकानदार आपणहून सांगत नाही.

टेप उतरवायचं काम चालूच आहे. आता फाइल खाली पोचायच्या आत मी खाली पोचत नाही, म्हणजे हॉलमधल्या टीव्हीवर ती लावून आईला विचारायचं, ही बाई कोण, हा पोरगा कुणाचा. ती नावं सांगते, मी फाइलीच्या नावात लिहितो. या कामाचा वेग वाढवायची कुठलीच युक्ती मला सापडलेली नाही. एकेका बाईची ओळख पटवताना तिचं माहेर, सासर आणि कुठल्या वाड्यात कुणाच्या मागे राहायची हे सगळं येतं, आणि टेप पॉजवर थांबलेली राहते.

भाच्याला आता अडीच गिगाबिटचा स्विच हवा आहे. त्याचं म्हणणं चूक नाही. २०१६ च्या मानकाप्रमाणे तो वेग याच कॅट फाइव्ह-ई केबलवरून जातो, भिंत फोडावी लागणार नाही. मी त्याला डिस्कचा आकडा दाखवला. तार २८० द्यायला लागली तरी डिस्क १६० च्या पुढे घेणार नाही, म्हणजे पैसे पूर्ण आणि फायदा अर्ध्याहून कमी. शिवाय स्विच घेतला की संगणकात कार्ड आलं, सर्व्हरमध्ये कार्ड आलं. "आत्ता काही नडत नाहीये," मी म्हटलं. "पुढच्या सिंहस्थाला बघू."

नाशकात एखादी गोष्ट बारा वर्षं पुढे ढकलायची असली की असं म्हणायची सोय आहे. पण त्याने कॅलेंडर पक्कं ठेवलं होतं. "मामा, सिंहस्थ २०२७ ला आहे. आणि त्या वेळी मी शूट करणार आहे, फोर-केमध्ये. मिनिटाला काहीशे एमबी. आजोबांच्या टेपा संपल्या की माझ्या फाइली येणार इथे."

"किती शूट करणारेस?"

"आजोबांएवढं."

मग मी स्विचची किंमत विचारली.